आज चर्चमध्ये स्पायडरमॅन आलाय!

नातू डॅलसच्या स्टेजवर, आजी वर्ध्याच्या सोफ्यावर आणि मधे एक लॅपटॉप. घरबसल्या प्रार्थना बघता येते, हे आता सगळ्यांनाच माहीत झालंय. पण प्रार्थना ‘बघणं’ आणि प्रार्थनेला ‘जाणं’ एकच का?

रविवार. रात्रीचे सव्वाआठ. वर्ध्याच्या रामनगरात पाऊस आत्ता कुठे थांबलाय. पुण्याहून चार दिवसांसाठी घरी आलेली मी मस्त लोळत पडलेय आणि तेवढ्यात शेजारच्या मावशींचा फोन. ‘‘ये नं लवकर, लॅपटॉप लावून दे. नातू आज चर्चमध्ये बोलून राहिला!’’

नातू डॅलसला, मावशी वर्ध्यात. तिकडे सकाळचे दहा वाजले की इकडे रात्रीचे साडेआठ. मी पायात चपला अडकवल्या आणि पळाले.

मावशी म्हणजे निवृत्त नर्स. वय सत्तरीच्या पुढे, गुडघे कुरकुरणारे, आवाज मात्र अजून वॉर्डात घुमेल असा. घरात तीन पिढ्यांपासून ख्रिस्ती धर्म आणि तीन पिढ्यांपासून मराठी. त्या दिवशी सकाळीच त्या वर्ध्यातल्या चर्चमध्ये जाऊन आल्या होत्या. कडक इस्त्रीची साडी, केसात चाफ्याचं फूल, काखेत ‘उपासना संगीत’. मी गच्चीवरून बघितलं होतं.

आणि रात्री? रात्री त्याच मावशी मॅक्सीवर. पाय सोफ्यावर, मांडीत गवारीच्या शेंगा, टीपॉयवर चहा आणि गोरसपाक. म्हटलं, मावशी, हे काय, चर्च आहे नं? तर म्हणाल्या, ‘‘मला कोण पाहून राहिलं तिथं?’’

हे वाक्य लक्षात ठेवा. पुढे कामाला येणार आहे.

पास्टरने शर्टाची बटणं उघडली आणि...

स्क्रीनवर आधी उलटी मोजणी. तीन मिनिटं, दोन मिनिटं, एक... एखाद्या क्रिकेट मॅचसारखं. मग ड्रम, गिटार, लाइट्सचा झगमगाट. स्टेजवर पुठ्ठ्याच्या उंच इमारती, त्यांच्यामागे निळं आकाश. पास्टर सुटाबुटात आले, ‘गुड मॉर्निंग’ म्हणाले आणि एकदम शर्टाची वरची बटणं उघडली. आत निळा टी-शर्ट आणि छातीवर लाल-पिवळं चिन्ह. सुपरमॅन! सगळं चर्च टाळ्या वाजवतंय. मावशींच्या हातातली शेंग हातातच राहिली.

‘‘हे काय गॅदरिंग आहे का?’’

गॅदरिंग नव्हतं. अमेरिकेतली बरीच चर्चेस वर्षातला एखादा रविवार असा ‘सुपरहीरो संडे’ म्हणून साजरा करतात. पोरांनी आवडत्या हीरोचा ड्रेस घालून यायचं. उपदेश त्याच थीमवर, गाणी त्याच मूडची, दारात फोटो काढायला कटआउट. त्या दिवशी मी मोजलं, एका रांगेत तीन स्पायडरमॅन, दोन बॅटमॅन, एक वंडर वुमन आणि एक छोटा पोरगा चक्क नाइटसूटमध्ये. त्याच्या आईला बहुतेक सकाळी आठवलं असणार!

मग मावशींचा नातू आला. सात वर्षांचा स्पायडरमॅन. बोलता यावं म्हणून मास्क कपाळावर सरकवलेला. माइकसमोर उभा राहून त्याने बायबलमधली चार वाक्यं धाडधाड म्हणून टाकली. इंग्लिश, तेही पक्क्या टेक्सासच्या उच्चारात. मावशी पुढे झुकल्या, कानाला हात लावला, काही म्हणजे काही कळलं नाही. ‘‘काय म्हणाला वं तो?’’

स्क्रीनच्या खाली संदर्भ आला होता. मी वाचून दाखवला, इफिसकरांस पत्र, सहावा अध्याय. देवाची शस्त्रसामग्री अंगावर चढवा, सत्याचा कमरपट्टा, विश्वासाची ढाल, तो भाग. सुपरहीरोच्या ड्रेसला याहून फिट काय असणार? मावशींचा चेहरा एकदम बदलला. डोळे मिटून त्या तोच उतारा मराठीत पुटपुटायला लागल्या. लहानपणी संडे स्कूलमध्ये पाठ केलेला, साठ वर्षांनंतरही एक शब्द इकडचा तिकडे नाही. स्क्रीनवर नातू केव्हाच खाली उतरला होता. आजी अजून म्हणतच होत्या.

मला एकदम वाटलं, दोघं एकच गोष्ट म्हणतायत आणि दोघांनाही ते माहीत नाही.

केप नवी, फंडा जुना

आता तुम्ही म्हणाल, देवाच्या दारात हा काय तमाशा? मलाही आधी तसंच वाटलं. मग जरा आठवायला लागले आणि आपलंच हसू आलं. ‘बाहुबली’ आला तेव्हा आपल्या चौकाचौकात बाहुबली गणपती बसले नव्हते? २००५ मध्ये ‘हनुमान’ आणि २००७ मध्ये ‘बाल गणेश’ या अ‍ॅनिमेशन सिनेमांनी आपल्या देवांना कार्टूनच्या पडद्यावर आणलं. मारुतीच्या देवळासमोर उभ्या असलेल्या एखाद्या पोराला विचारा, हा कोण? ‘देव’ म्हणायच्या आधी तो ‘उडतो, डोंगर उचलतो’ असंच सांगेल.

सुपरमॅनची गोष्ट तर अजून गमतीची. १९३८ मध्ये त्याला कॉमिक्समध्ये जन्माला घालणारे जेरी सीगल आणि जो शुस्टर हे दोघं ज्यू कुटुंबांतले तरुण. सुपरमॅनचं जन्मनाव काल-एल. त्यातल्या ‘एल’चा हिब्रूत अर्थ देव. आकाशातून बापाने पाठवलेला मुलगा, साध्या घरात वाढतो आणि जगाला वाचवतो. आता यात पास्टर लोकांना येशू दिसला नाही तरच नवल! २०१३ मध्ये ‘मॅन ऑफ स्टील’ आला तेव्हा तर सिनेमाच्या प्रचारासाठी चर्चच्या पाळकांना उपदेशाचं तयार टिपण दिलं गेलं होतं, विषय ‘येशू, मूळ सुपरहीरो’. ओक्लाहोमाच्या लाइफ चर्चची ‘अ‍ॅट द मूव्हीज’ ही उपदेशमालाही अशीच, सिनेमाचे तुकडे दाखवून त्यावर बोलायचं.

आणि हे फक्त अमेरिकनांचं खूळ आहे असं समजू नका. आपल्या मराठीत हा प्रयोग चारशे वर्षांपूर्वी झालाय. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात आला. नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांची पुराणं सुटली होती, पण पुराण ऐकायची सवय थोडीच सुटते? त्यांना येशूची गोष्ट तर हवी होती, पण आपल्या चालीत. स्टीफन्सने काय केलं, तर बायबलची सगळी कथा मराठी ओवीत लिहून काढली. ‘क्रिस्तपुराण’. जवळपास अकरा हजार ओव्या, १६१६ मध्ये छापल्या. पुढे तीनशे वर्षांनी रेव्हरंड ना. वा. टिळकांनी भजन आणि कीर्तन चर्चमध्ये आणलं. तेव्हाही कुणीतरी नाक मुरडलंच असेल, देवाच्या दारात हा काय टाळ-मृदंग!

तेव्हा ड्रेसला माझी काही हरकत नाही. ज्या जमान्याला जे आवडतं ते घालून देवाची गोष्ट येते. कधी ओवी, कधी केप.

मावशींची हरकत मात्र वेगळीच होती आणि ती मला जास्त पटली. उपदेश संपता संपता स्क्रीनवर एका सिनेमाचा तुकडा लागला, हीरो एकटा दहा जणांना लोळवतोय. मावशी म्हणाल्या, ‘‘येशूनं काहून मारलं असतं कोणाले? त्याले तर देवळाच्या शिखरावरून उडी मारून दाखव म्हटलं सैतानानं, तर त्यानं नाही मारली.’’ मी गप्प. चाळीस वर्षं लोकांच्या जखमा बांधणाऱ्या बाईचा हीरो उडणारा कसा असेल?

मावशींच्या कपाटात जुनी पुस्तकं आहेत. त्यांच्याकडूनच मला कळलं, की वर्ध्यालाही स्वतःचा असा एक बिनकेपचा माणूस होता. जे. सी. कुमारप्पा. तंजावरच्या ख्रिस्ती घरातला, परदेशात शिकलेला ऑडिटर. १९३४ मध्ये गांधीजींनी ग्रामोद्योग संघ काढला तेव्हा त्याचं काम सांभाळायला ते वर्ध्याच्या मगनवाडीत येऊन राहिले. तेलघाणी, हातकागद, गूळ, असली कामं. १९४५ मध्ये त्यांचं येशूच्या आचरणावरचं पुस्तक आलं, तेही तुरुंगात लिहिलेलं. येशूला मानायचं म्हणजे त्याच्यासारखं वागायचं, हा त्यांचा साधा फंडा. स्पेशल इफेक्ट्स शून्य!

‘कुठून बघताय?’

तेवढ्यात स्क्रीनच्या बाजूला चॅटमध्ये प्रश्न आला, ‘तुम्ही कुठून बघताय? आम्हाला सांगा!’ लोक भराभरा लिहायला लागले. ऑस्टिन, अटलांटा, मनिला, नैरोबी. मावशी म्हणाल्या, ‘‘लिही, वर्धा. आजी म्हणून लिही. त्याचं नाव पण टाक.’’

मी लिहिलं. एंटर मारलं. आमचं ‘वर्धा, इंडिया’ तळाला दिसलं, वर सरकलं, त्याच्याखाली कुणाचे तरी बदाम, टाळ्यांचे हात, अजून बदाम... आणि पाच सेकंदांत आमचं वर्धा स्क्रीनच्या वर निघून गेलं. कुणी वाचलं की नाही, देव जाणे.

मावशी बराच वेळ तिथेच बघत होत्या. ‘‘वाचलं का त्यांनी?’’

मी म्हटलं, वाचलं असेल नं मावशी.

‘‘तसं नाही. मी आली होती हे त्याले कसं समजन?’’

पॉइंट आहे! खाली आकडा दिसत होता, इतके लोक बघतायत. त्या आकड्यात आम्ही दोघी मिळून एक. एक लॅपटॉप, एक व्ह्यू.

ऑनलाइन प्रार्थनेची सोय काही आजची नाही. लाइफ चर्चने २००६ मध्येच इंटरनेटवर आपलं चर्च सुरू केलं होतं. पण आपल्याकडे सगळ्यांना त्याची खरी ओळख झाली २०२० मध्ये. २७ मार्चच्या त्या संध्याकाळी पोप फ्रान्सिस व्हॅटिकनच्या रिकाम्या चौकात, पावसात, एकटे प्रार्थना करत होते आणि जग टीव्हीवर बघत होतं. आपल्याकडे देवळं, मशिदी, चर्च सगळं बंद. आषाढीला पालख्यांऐवजी पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या. लालबागच्या राजाच्या मंडळाने त्या वर्षी मूर्तीच बसवली नाही, रक्तदान आणि प्लाझ्मादानाचा आरोग्योत्सव केला. राज्यातली प्रार्थनास्थळं उघडली ती थेट १६ नोव्हेंबरला, दिवाळीच्या पाडव्याला. त्या आठ महिन्यांत स्क्रीन होती म्हणून कितीतरी घरांत रविवार राहिला, आरती राहिली. अंथरुणाला खिळलेल्यांसाठी, गाव सोडून गेलेल्यांसाठी ती अजूनही आहे. तिला नावं ठेवायचा माझा अजिबात विचार नाही.

पण मावशींचा प्रश्न डोक्यातून जाईना. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी स्कूटी काढली आणि सेवाग्रामला गेले.

व्ह्यूज की हजेरी?

वर्ध्याच्या माणसाला सेवाग्राम म्हणजे शाळेची सहल. पाहुणे आले की दाखवायचं ठिकाण. प्रार्थनेला मुद्दाम जाऊन बसणारे आपण कमीच. १९३६ मध्ये गांधीजी इथे राहायला आले तेव्हा याचं नाव शेगाव होतं. आश्रमात आजही सकाळ-संध्याकाळ सर्वधर्म प्रार्थना होते. देऊळ नाही, मूर्ती नाही, स्टेज नाही. मोकळं मैदान आणि जमिनीवर बसलेली माणसं. संस्कृत श्लोक, कुराणातला भाग, पारशी प्रार्थना, ख्रिस्ती भजन, सगळं एकामागून एक. एक जपानी बौद्ध मंत्रसुद्धा आहे. जपानी भिक्षू फुजी गुरुजी १९३३ मध्ये वर्ध्यात गांधीजींना भेटले होते. त्यांच्याच संप्रदायाचा शांतिस्तूप आता गीताई मंदिराजवळ उभा आहे.

म्हणजे वेगवेगळ्या वेशातली प्रार्थना वर्ध्याला नवीन नाहीच!

पण मला आठवत होती ती दुसरीच गोष्ट. गांधीजींच्या आश्रमात संध्याकाळच्या प्रार्थनेच्या वेळी हजेरी व्हायची. एकेकाचं नाव पुकारायचं आणि त्याने सांगायचं, आज किती तार सूत कातलं. बस्स. तू आलास का आणि आज काय केलंस? देवासमोर बसायच्या वेळी माणसांसमोर एवढं उत्तर द्यायचं. कल्पना करा, तुमचं नाव येतंय आणि तुम्ही दिवसभरात काहीच केलेलं नाही. टेन्शन!

इथे मला मावशींचं ते वाक्य आठवलं, ‘मला कोण पाहून राहिलं तिथं?’ ऑनलाइन प्रार्थनेत आपण सगळं बघतो. गायक बघतो, पास्टर बघतो, नातवाचा मास्क बघतो. फक्त आपल्याला कुणी बघत नाही. त्यामुळे आपण मॅक्सीवर चालतो, शेंगा निवडत चालतो, मधेच उठून कुकर बंद करून आलो तरी चालतो. आपल्याकडून कुणी काही मागत नाही. आणि जिथे कुणी काही मागत नाही, तिथे आपण नसलो तरी चालतं, नाही का?

परतताना गावातल्या लक्ष्मीनारायण मंदिरावरून आले. जमनालाल बजाजांनी १९२८ मध्ये हे मंदिर दलितांसाठी खुलं केलं, हे आपण शाळेत वाचलेलं असतं. त्या संध्याकाळी मात्र ते वेगळंच वाटलं. नुसतं दर्शनच हवं असतं, तर लांबून कळसाला हात जोडून भागलं असतं की. प्रश्न बघण्याचा नव्हता. उंबरा ओलांडून आत येण्याचा होता. आत आलेल्यांमध्ये मोजलं जाण्याचा होता. ज्यांना हे सहज मिळालं, त्यांना त्याची किंमत कळत नाही. आम्हा ‘नंतर रेकॉर्डिंग बघू’वाल्या पिढीला तर मुळीच नाही.

बाकावरचा मोबाइल

हे सगळं मी मावशींना सांगितलं. वाटलं, भारावून जातील. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि मुलाला फोन लावला. ‘‘ऐक, पुढच्या रविवारी मी लॅपटॉपवर नाही पाहणार. तू चर्चमध्ये बसला की मला व्हिडिओ कॉल कर. मोबाइल बाकावर ठेव. तुझ्या बाजूला.’’

मुलगा म्हणाला, आई, आवाज नीट नाही येणार, स्टेज नीट नाही दिसणार, लाइव्हवर कॅमेरे चांगले आहेत.

‘‘स्टेज पाहून झालं नं माझं,’’ मावशी म्हणाल्या.

माझी सुट्टी मी एका आठवड्याने वाढवली, हे वेगळं सांगायला नको.

पुढचा रविवार. रात्रीचे आठ. मी गेले तर मावशी तयार! सकाळचीच साडी, पुन्हा इस्त्री केलेली. केसात फूल. सोफा सोडून जेवणाच्या टेबलाची सरळ पाठीची खुर्ची. शेंगा नाहीत, चहा नाही. समोर उभा केलेला मोबाइल, हातात बायबल. मला म्हणाल्या, ‘‘ओढणी नीट घे. दिसते तिथं.’’

आणि खरंच, दिसत होतं. फोन लागला तेव्हा समोर स्टेज नव्हतंच. आधी छताचा पंखा, मग पुढच्या बाकाची पाठ, मग नातवाची हनुवटी. आवाज फाटत होता. चित्र दोनदा गोठलं. त्या रविवारी केप नव्हती, पुठ्ठ्याच्या इमारती नव्हत्या, साधीच उपासना होती. पण मागच्या रांगेतली एक पांढऱ्या केसांची बाई वाकून मोबाइलमध्ये बघायला लागली आणि तिने हात हलवला. मावशींनीही हलवला. मग तिच्या नवऱ्याने. मग शेजारच्या पोराने. नातवाने फोन उचलून सगळ्यांना दाखवला, ‘धिस इज माय आजी.’ ‘आजी’ मात्र मराठीत!

मधे एकदा सगळे उभे राहिले. मावशीही उभ्या राहिल्या. गुडघा धरून, टेबलाला टेकून, पण राहिल्या. मागच्या रविवारी या जागच्या हलल्या नव्हत्या. मीसुद्धा उठले. मी ख्रिस्ती नाही, पण बसून राहायला लाज वाटली. कुणीतरी बघत होतं नं!

उपासना संपली तेव्हा नातवाने विचारलं, आजी, तू पण ती व्हर्स म्हणतेस असं बाबा म्हणाला, म्हणून दाखव. मावशींनी म्हटली, मराठीत, संपूर्ण. त्याने त्याची म्हटली, इंग्लिशमध्ये. मग मावशींनी त्याला सांगितलं, दर रविवारी म्हणायची, आणि म्हणून झाली की सांगायचं, या आठवड्यात कोणासाठी काय केलं. तू सांगायचं, मी पण सांगन. पोरगा जरा विचारात पडला. मग म्हणाला, शाळेत एकाची बाटली हरवली होती, मी शोधून दिली.

मावशी म्हणाल्या, ‘‘लिहून ठेवते.’’ आणि खरंच कॅलेंडरवर लिहून ठेवलं.

शेवटी तिकडे सगळे मिळून ‘आमेन’ म्हणाले. नेट हळू, त्यामुळे आवाज इकडे जरा उशिरा पोचला. मावशींचं ‘आमेन’ तिकडे त्याहून उशिरा पोचलं असणार. सगळं चर्च शांत झाल्यावर, बाकावरच्या एका मोबाइलमधून.

उशिरा का होईना, हजेरी लागली!

चौकट: दूरच्या प्रार्थनेला बसायचंय? मग हे करा

• वेळ आधी तपासा. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ एक तास पुढे जातं आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी परत मागे येतं. टेक्सासचे सकाळचे दहा म्हणजे उन्हाळ्यात आपले रात्री साडेआठ, हिवाळ्यात साडेनऊ.

• शक्य असेल तर नुसतं लाइव्ह बघू नका, ओळखीच्या कुणाला तरी व्हिडिओ कॉल करा. मात्र शेजारी बसणाऱ्यांना चालेल का, हे आधी विचारायला सांगा.

• दोन्ही एकत्र लावत असाल, तर लाइव्हचा आवाज बंद ठेवा. ते कॉलपेक्षा मागे असतं. नाहीतर प्रत्येक ‘आमेन’ दोनदा ऐकाल.

• सोफा टाळा, खुर्ची घ्या. आणि कपडे बदला. स्वतःच फरक बघा.

• आजी-आजोबांना फक्त लिंक पाठवून मोकळे होऊ नका. शेजारी जाऊन बसा. गोरसपाक नक्की मिळेल!